भंगाराच्या ढिगावर कर्ज द्या

जेएफई स्टील या जपानी कंपनीने २०२५ च्या एप्रिलमध्ये जाहीर केलं की कुराशिकीच्या कारखान्यात ती विजेवर चालणारी मोठी भट्टी बसवणार आहे. खर्च ३२९.४ अब्ज येन. त्यातले १०४.५ अब्ज येनपर्यंत तिथलं सरकार देणार. आपल्या पैशात हे अनुदान सहा हजार कोटी रुपयांच्या आसपास जातं, तेही एका भट्टीसाठी. ब्रिटनमध्ये टाटांच्या पोर्ट टॅलबट कारखान्याची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ ला विझली. तिच्या जागी भंगार वितळवणारी विजेची भट्टी यावी म्हणून ब्रिटिश सरकारने ५० कोटी पौंड देऊ केले. दोन्हीकडे हेतू एकच: कोळसा जाळून खनिजातून लोखंड काढायचं सोडून जुनं लोखंड विजेवर वितळवायचं, म्हणजे कार्बन कमी होतो.

जालन्यात आम्ही दुसरं काही करतच नाही. औरंगाबाद रस्त्याच्या एमआयडीसीत झोतभट्टी कधी उभी राहिलीच नाही. इथे विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी आहे आणि तिच्या पोटात देशभरातलं भंगार जातं: बसचे पत्रे, मोडलेले नांगर, लेथची टर्निंग, पाडलेल्या इमारतींच्या सळया. त्यातून बिलेट आणि बिलेटमधून टीएमटी सळई. मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात ज्यांनी घर बांधलं त्यांच्या स्लॅबमध्ये बहुधा जालन्याचीच सळई असते. इतर देश हजारो कोटी ओतून जिथे पोचू पाहतात तिथे आम्ही गरिबीमुळे आधीच येऊन बसलोय. खाण नव्हती, बंदर नव्हतं, कोकिंग कोळसा नव्हता, म्हणून भंगार.

मी कर्जप्रस्ताव तयार करून पोट भरतो. जुन्या जालन्यात गांधी चमनपासून चालत जाण्याच्या अंतरावर माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. रोलिंग मिल, भट्टी, जिनिंग, बियाण्यांचं प्रोसेसिंग असं काहीही असलं तरी प्रोजेक्ट रिपोर्ट, बँकेला लागणारा सीएमए डेटा आणि बँकेत हेलपाटे हे काम आमचं. हल्ली प्रत्येक बँकेच्या भिंतीवर हिरव्या कर्जाचं पोस्टर असतं. मॅनेजर साहेब चहा मागवतात आणि म्हणतात, "सोलर टाका, लगेच करून देतो." सोलरला माझा विरोध नाही. पण जालन्याच्या सळईतला कार्बन नेमका कुठे बसलाय हे बँकेला ठाऊक नाही, आणि म्हणून हिरवा पैसा भलत्याच ठिकाणी जातोय, अशी माझी तक्रार आहे.

हिशेब करून दाखवतो. आकडे ढोबळ आहेत आणि माझे आहेत, कुठल्या एका मिलचे नाहीत. दिवसाला १०० टन सळई काढणारा कारखाना धरा. वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ३० हजार टन. नुसतं चांगलं भंगार वितळवायला टनाला सहाशे-साडेसहाशे युनिट लागतात आणि ते सळईत ओढायला आणखी शंभरभर. एका युनिटमागे देशाच्या ग्रीडवर साधारण ०.७२ किलो कर्बवायू सुटतो, असं केंद्रीय वीज प्राधिकरणाचे आकडे सांगतात. म्हणजे विजेचा मिळून टनाला अर्धा टन. बिलेट थंड करून परत तापवणारी मिल असेल तर टनाला पन्नास-साठ किलो कोळसा, त्याचा आणखी दहावा हिस्सा टन. सगळं धरून पाऊण टनाच्या आतच.

आता भट्टीच्या चार्जमध्ये भंगाराच्या जागी निम्म्याहून जास्त स्पंज आयर्न टाका. स्पंज आपल्याकडे चंद्रपूर-रायपूर पट्ट्यातून येतं आणि ते खनिजापासून कोळशावरच्या फिरत्या भट्टीत बनतं. एका टन स्पंजमागे दोन टनांहून जास्त कर्बवायू आधीच हवेत गेलेला असतो. शिवाय स्पंजमध्ये माती आणि न उतरलेला ऑक्साइड असतो, म्हणून ते वितळायला वीजही जास्त खातं. तीच मिल, तोच मिस्त्री, तेच पॅनल, पण सळईच्या टनामागचा आकडा पाऊण टनावरून दोन टनांच्या पुढे.

केंद्रीय पोलाद मंत्रालयाने १२ डिसेंबर २०२४ ला हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. टनाला २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर ते पोलाद हिरवं. १.६ च्या खाली पाच तारे, १.६ ते २ मध्ये चार, २ ते २.२ मध्ये तीन. विकत आणलेल्या कच्च्या मालात दडलेलं उत्सर्जनही त्यात मोजायचं आहे, त्यामुळे रायपूरचा धूर रायपूरच्या खात्यात टाकून मोकळं होता येत नाही. देशाची सरासरी अडीच टनांच्या घरात आहे. म्हणजे भंगारावर चालणारी जालन्याची मिल झोपेतसुद्धा पाच ताऱ्यांत बसते आणि स्पंजवर चालणारी तीनही तारे गमावू शकते. आमचे तारे यार्डात ठरतात, छतावर नाही.

मग कारखानदार स्पंज का टाकतो? कोळशावर त्याचं प्रेम नाही. पहिलं कारण गुणवत्तेचं. भंगारात तांबं, कथील, गंधक, फॉस्फरस काय येईल सांगता येत नाही, आणि इंडक्शन भट्टी फॉस्फरस काढू शकत नाही. जे आत गेलं ते सळईत उतरलं. आयएस १७८६ च्या ५०० डी ग्रेडला गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०४ टक्क्यांच्या आत लागतात. स्पंज टाकलं की ही घाण पातळ होते. दुसरं कारण मात्र बँकेचं आहे, आणि ते मी जवळून पाहतो.

एका मिलच्या यार्डात स्टॉक ऑडिट चाललं होतं. पुण्याहून आलेला तरुण ऑडिटर, हातात टेप, डोक्यावर पिवळं हेल्मेट. समोर भंगाराचा ढीग, दोन माणसं उंच. त्याने यार्डाच्या मुकादमाला विचारलं, "काका, याची लांबी-रुंदी घेऊ या, घनफळ काढतो." मुकादम शांतपणे म्हणाला, "घ्या की साहेब. पण खाली बुरादा हाये, वर पत्रा हाये आन मधी इंजिनाचे ब्लॉक. घनफळ कशाचं काढता?" पोराने ढिगाभोवती एक फेरी मारली, चुंबकाच्या क्रेनकडे पाहिलं आणि वहीत जो आकडा लिहिला तो खरेदीच्या बिलांच्या साठ टक्केही नव्हता. शेजारच्या शेडमध्ये स्पंज होतं. एकाच कारखान्याचा माल, टेस्ट रिपोर्ट जोडलेला, ट्रकगणिक काटापावती. ते त्याने पाच मिनिटांत जसंच्या तसं धरलं. त्या महिन्याचं ड्रॉइंग पॉवर, म्हणजे मालाच्या तारणावर बँकेतून किती पैसे उचलता येतील ते, त्याच वहीवरून ठरलं. मी त्या पोराला दोष देत नाही, त्याच्या फॉर्ममध्ये ढिगासाठी रकानाच नाही. पण परिणाम असा की ज्या मालात कार्बन जास्त त्यावर बँक जास्त पैसे देते आणि ज्यात कमी त्यावर हात आखडते.

भंगाराचा धंदा उधारीवर चालतही नाही. कुंडलिकेच्या दोन्ही काठांच्या गल्ल्यांतून हातगाडी फिरवणाऱ्यापासून शहराबाहेरच्या गोदामवाल्यापर्यंत प्रत्येकाला पैसा संध्याकाळपर्यंत लागतो, कारण त्याने सकाळी घरोघरी रोख मोजलेली असते. स्पंज दलालामार्फत पंधरा-वीस दिवसांच्या उधारीवर मिळतं. न्हावा शेव्याला उतरणारं परदेशी श्रेडेड भंगार स्वच्छ असतं, पण त्याला एलसी, म्हणजे बँकेचं हमीपत्र, लागते आणि एलसीला मार्जिन लागतं. त्यात १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याकडून धातूचं भंगार घेतलं तर जीएसटी घेणाऱ्यानेच भरायचा, १८ टक्के. तो नंतर वळता होतो हे खरं, पण आधी खिशातून जातो. करचोरी थांबावी म्हणून हा नियम आला आणि तो चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही. मात्र त्याने भंगार घेणाऱ्या मिलचं खेळतं भांडवल आणखी अडकतं. यासाठी कुठलं हिरवं कर्ज आहे का? मी तरी पाहिलेलं नाही. हिरवं कर्ज मिळतं ते ज्याचा फोटो काढता येतो त्या वस्तूला, म्हणजे सोलर पॅनलला, मोटरला, मोटरचा वेग सांभाळणाऱ्या व्हीएफडीला. भंगाराच्या ढिगाचा फोटो कुठल्याही वार्षिक अहवालात शोभत नाही.

सोलरचंही पाहू. वरच्या मिलला वर्षाला दोन कोटींहून जास्त युनिट लागतात. एक मेगावॉट सोलर आपल्या भागात वर्षाला चौदा-पंधरा लाख युनिट देतं आणि त्याला चारेक एकर जागा लागते. सगळी वीज सोलरची करायची तर चौदा-पंधरा मेगावॉट, पन्नास-साठ कोटी आणि जवळपास साठ एकर. छतावर मावतं ते यातलं चिमूटभर. म्हणून मार्ग उरतो ग्रुप कॅप्टिव्हचा: परतूर, मंठा किंवा आणखी कुठे कोणी प्रकल्प उभारायचा, त्यात वापरणाऱ्यांनी मिळून किमान २६ टक्के भागभांडवल घालायचं आणि किमान ५१ टक्के वीज स्वतः वापरायची. वीज नियम २००५ मध्ये ही सोय आहे, आणि क्रॉस सबसिडीचा अधिभार त्याने वाचतो. उत्तम. पण मिलने त्या प्रकल्पाच्या कंपनीत दोन-तीन कोटी घातले की बँकेचा क्रेडिट अधिकारी काय करतो? ती रक्कम 'सहयोगी कंपनीतली गुंतवणूक' म्हणून नेटवर्थमधून वजा करतो. नेटवर्थ उतरलं की रेटिंग उतरतं, रेटिंग उतरलं की व्याज चढतं. त्याच बँकेच्या दारात हिरव्या कर्जाचं पोस्टर. माझ्या एका प्रस्तावात हे झालं तेव्हा मी मॅनेजरला ते पोस्टर आणि हे रेटिंग शेजारी ठेवून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "सॉफ्टवेअरच तसं आहे हो." बँक कुठली ते सोडून द्या, जवळपास सगळ्यांचं सॉफ्टवेअर तसंच आहे.

विजेच्या वेळेचाही एक तिढा आहे. वर्षानुवर्षं रात्री दहा ते सकाळी सहा वीज स्वस्त, म्हणून जालन्याच्या भट्ट्या रात्री पेटत. एमआयडीसीत रात्री गेलात तर खरं जालना दिसतं: टॅपिंगचा केशरी उजेड, लेडलमागे धावणारी माणसं, चहाच्या टपरीवर बिहारी, ओडिया आणि मराठवाडी बोली एकाच बाकावर. वीज नियामक आयोगाने २०२५ साली सवलत उन्हाच्या वेळेकडे सरकवली. त्यावरून वाद झाले, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. कारखानदार चिडले, आणि त्यांचं गणित रात्रीवर बसलेलं असताना ते साहजिक होतं. तरी माझं मत इथे माझ्या अशिलांपेक्षा वेगळं आहे. सोलर दिवसा, भट्टी दिवसा, हे जुळणं आज ना उद्या होणारच. फक्त शिफ्ट बदलायला, विजेची मंजूर मागणी वाढवून घ्यायला, मोठा ट्रान्सफॉर्मर बसवायला वेळ आणि पैसा लागतो. २०१६ पासून सरकारने विदर्भ-मराठवाड्याच्या उद्योगांना वीजदरात अनुदान दिलं. मोठे ग्राहक म्हणून त्यातला मोठा वाटा पोलादवाल्यांनी नेला अशी ओरडही झाली. तोच पैसा 'जेवढी वीज जाळाल तेवढा' असा वाटण्याऐवजी 'टनाला जेवढी वाचवाल तेवढा' असा दिला असता, तर आज निम्म्या भट्ट्यांचे पॅनल नवे असते.

केंद्राकडे योजना नाहीत असं नाही. ऊर्जा मंत्रालयाची 'अदिती' योजना २०२५ च्या जुलैमध्ये पानिपतला सुरू झाली, १००० कोटींची. ऊर्जा वाचवणाऱ्या यंत्रासाठी कर्ज घेतलं तर सूक्ष्म आणि लघु उद्योगाला व्याजात ५ टक्के सूट, मध्यमला ३ टक्के. कागदावर झकास. आता लघु म्हणजे काय ते बघा. १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येप्रमाणे लघु उद्योगाची उलाढाल १०० कोटींपर्यंत, मध्यमची ५०० कोटींपर्यंत. आपली १०० टनांची मिल वर्षाला ३० हजार टन विकते. पन्नास हजारांच्या भावाने उलाढाल झाली दीडशे कोटी. मालकाच्या घरातली तीन माणसं ऑफिस चालवतात, नफा टनामागे हजार-दीड हजार सुटला तर पेढे वाटतात, पण सरकारदरबारी तो 'मध्यम'. व्याजाची सूट ३ टक्के. बिनतारण कर्जाला हमी देणारी सीजीटीएमएसई १० कोटींपर्यंत वाढली खरी, पण ती सूक्ष्म आणि लघुलाच. आणि दिवसाला साडेतीनशे टन काढणारा तर एमएसएमईतूनच बाहेर, म्हणजे व्याख्येने जमशेदपूरच्या टाटांच्या रांगेत. सोनार आणि लोहार यांना उलाढालीच्या एकाच फुटपट्टीने मोजल्यावर असंच व्हायचं. ज्या धंद्यात माल महाग आणि मूल्यवर्धन थोडं, तिथे उलाढाल हा लहानमोठेपणाचा निकषच होऊ शकत नाही.

आशियात इतरत्र काय चाललंय? जपानने २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारी 'संक्रमण रोखे' काढले, म्हणजे आज काळ्या असलेल्या पण बदलू पाहणाऱ्या उद्योगांसाठी उभारलेला पैसा. सिंगापूरने २०२३ च्या डिसेंबरमध्ये आपल्या हरित वित्ताच्या वर्गवारीत हिरव्या-लालच्या मध्ये एक पिवळसर खाना ठेवला. चीनच्या हेबेई प्रांताने, जिथे पोलादाचे कारखाने दाटीने आहेत, पोलाद उद्योगापुरतीच संक्रमण वित्ताची मार्गदर्शिका काढली, कुठल्या भट्टीला काय द्यायचं ते स्थानिक बँकांना कळावं म्हणून. आपल्या अर्थ मंत्रालयाने २०२५ च्या मेमध्ये अशाच वर्गवारीचा मसुदा प्रसिद्ध केला, त्यातही लोखंड-पोलादाला 'अवघड' क्षेत्र म्हणून जागा आहे. पण हे सगळे कागद वाचताना एक गोष्ट खटकते. त्यांच्या नजरेसमोर एक मोठी कंपनी आहे, जिच्याकडे ईएसजी विभाग आहे, मुंबईत सल्लागार आहे, आणि जी पाच हजार कोटींचे रोखे काढू शकते. भारतातलं जवळपास एक तृतीयांश पोलाद इंडक्शन भट्ट्यांतून येतं, गोबिंदगड, रायपूर, जालना, दुर्गापूर असल्या गावांतून. ही माणसं रोखे काढत नाहीत. ती सीसी लिमिटवर, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जावर जगतात.

आता आमच्या लोकांबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हा लेख उद्योजक संघटनेचं निवेदन वाटेल.

प्रस्ताव लिहायला बसलो की मी विचारतो, टनाला युनिट किती लागतात? समोरचा शेठ, एरवी तोंडपाठ हिशेब सांगणारा, एकदम खिडकीबाहेर बघतो. "भाऊ, तो आकडा राहू द्या ना." याला इतिहास आहे. केंद्रीय उत्पादन शुल्काच्या काळात खात्याने देशभर इंडक्शन भट्ट्यांना नोटिसा काढल्या: तुमची वीज इतकी, टनाला लागते इतकी, मग बाकीचा माल गेला कुठे? आयआयटी कानपूरच्या एका प्राध्यापकांच्या अहवालातला टनाला ५५५ ते १०४६ युनिटांचा पट्टा त्यासाठी वापरला गेला. ट्रायब्युनल आणि उच्च न्यायालयात हे टिकलं नाही, कारण दुसऱ्या अहवालांत १८०० पर्यंतचे आकडे होते, आणि नुसत्या विजेवरून चोरी सिद्ध होत नाही असं न्यायालयांनी म्हटलं. पण धडा सगळ्यांनी घेतला: युनिट-टनाचा आकडा कागदावर आणू नये. काहींकडे लपवण्यासारखं होतंही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आयकर खात्याने इथे धाडी घातल्या तेव्हा मोजायला तास न् तास लागावेत इतकी रोकड निघाली, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं.

गंमत अशी की हरित प्रमाणपत्राला, स्वस्त व्याजाला, कार्बन क्रेडिटला, सगळ्यांना नेमका तोच आकडा लागतो. टनाला युनिट किती आणि चार्जमध्ये स्पंज किती. ज्याची कच्ची वही वेगळी आणि पक्की वेगळी, त्याचं उत्सर्जनही दोन प्रकारचं निघणार. उत्पादन कमी दाखवलं की टनामागची वीज फुगते आणि तारे गळतात. कर वाचवायला लपवलेला माल इथे अंगावर येतो. काही कारखानदार मला म्हणतात, सरकारने लिहून द्यावं की हे आकडे जीएसटीवाले बघणार नाहीत. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. स्वस्त पैसा हवा तर वही एकच ठेवा. इथल्या चांगल्या मिल आज एकाच वहीवर चालतात, त्यांना हा फायदा आधी मिळू द्या. बाकीचे बघून येतील, लाजेने नाही तर व्याजाच्या फरकाने.

दुसरी गोष्ट हवेची. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या महाराष्ट्राच्या शहरांत जालना आहे. कर्बवायू कमी म्हणून धूर कमी असं नसतं. भंगाराला रंग, तेल, प्लास्टिक चिकटलेलं असतं, ते भट्टीत जळतं आणि एमआयडीसीच्या बाजूला राहणाऱ्यांच्या गच्चीवर काळी भुकटी बसते. भंगारात बंद डबा किंवा ओलं काही आलं तर भट्टी उसळते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इथल्या एका कारखान्यात वितळलेलं लोखंड अंगावर उडून वीसेक कामगार भाजले. त्या घटनेचं कारण सांगण्याचा मला अधिकार नाही. पण भंगार निवडणं, कापणं, श्रेडरमधून काढणं ही कामं नीट झाली तर माणसं सुरक्षित राहतात, धूर कमी होतो, भट्टी लवकर वितळते आणि स्पंजची गरजही घटते. एका यंत्रात इतके फायदे क्वचित सापडतात. मोठा श्रेडर कोट्यवधींचा असतो, एका लहान मिलला झेपत नाही. दहा-पंधरा मिलनी मिळून एक घेतला, तर केंद्राच्या क्लस्टर योजनेत सामायिक सुविधा केंद्राला अनुदान आहे. आजवर असं केंद्र का झालं नाही? कारण दहा जालनेकर कारखानदार एका भागीदारीत बसवणं हे श्रेडर आणण्यापेक्षा अवघड काम आहे. शेजाऱ्याला आपला भंगाराचा भाव कळू नये म्हणून आमच्याकडे काटासुद्धा प्रत्येकाचा स्वतंत्र असतो. इथे बँकेने पुढाकार घ्यावा: अशा सामायिक केंद्रातून प्रतवारी होऊन आलेल्या भंगाराला गोदामपावती मिळाली, तर त्या पावतीवर पूर्ण ड्रॉइंग पॉवर. कापसाच्या गाठी आणि सोयाबीनवर हे आपण करतोच की. त्या ऑडिटरला मग टेप घेऊन ढिगावर चढावं लागणार नाही.

राहिलं विकणं. युरोपचा सीमा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला, त्यावर चर्चासत्रं झडतात. पण जालन्याची सळई युरोपला जात नाही, ती जिंतूरला जाते. आमचा सगळ्यात मोठा संभाव्य ग्राहक म्हणजे सरकार: पूल, धरणं, मेट्रो, महामार्ग. आणि कित्येक सरकारी निविदांत अट असते की पोलाद फक्त 'प्रायमरी' उत्पादकांचं, म्हणजे झोतभट्टीवाल्यांचं. अटीमागे गुणवत्तेची काळजी आहे, ती खोटी नाही, फॉस्फरसचं वर लिहिलंच. पण आयएस १७८६ ला उतरलेली, प्रयोगशाळेत तपासलेली सळई केवळ कुळावरून नाकारायची, आणि वर हरित खरेदीच्या गोष्टी करायच्या? ज्यांच्या भट्टीला लेडल रिफायनिंग आहे, स्पेक्ट्रोमीटर आहे आणि ज्यांना पाच तारे आहेत, त्यांना तरी निविदेत उभं राहू द्यावं. पक्की मागणी दिसली की बँकेचा क्रेडिट अधिकारी न सांगता मऊ होतो, हे माझं अनुभवाचं सांगणं आहे.

माझं मागणं राज्याकडे आणि बँकांकडे मिळून आहे. पोलादाच्या तारांकनाचं काम गोबिंदगडच्या राष्ट्रीय दुय्यम पोलाद तंत्रज्ञान संस्थेकडे आहे. तिची एक तुकडी वर्षातून काही महिने जालन्यात बसवा, म्हणजे लहान मिलला मोजणीसाठी पंजाब गाठावं लागणार नाही. तारा मिळाला की खेळत्या भांडवलाचं व्याज उतरावं, तारा गेला की चढावं, आणि ही सूट उलाढालीवर नव्हे तर टनावर बांधलेली असावी. ग्रुप कॅप्टिव्हमधलं भागभांडवल नेटवर्थमधून वजा करणं थांबवा, त्याला रिझर्व्ह बँकेचं एक परिपत्रक पुरे. पहिल्या काही वर्षांच्या बुडिताची हमी राज्याने घ्यावी, ती वीज अनुदानाच्या जुन्या पैशातूनही निघू शकते. आणि जिल्ह्याच्या पुढच्या पतआराखड्यात पीककर्ज, बचतगट, गृहकर्ज यांच्या खाली एक नवी ओळ टाका: प्रतवारी केलेलं भंगार, तारण म्हणून मान्य. आराखड्याच्या बैठकीला कारखानदारांनाही बोलवा. येताना प्रत्येकाने आपला युनिट-टनाचा आकडा घेऊन यावं.